बरोबरीच्यांची शाळा

आपल्याकडे शिक्षणसंस्थांचा इतिहास लिहिण्याची एक ठरून गेलेली तऱ्हा आहे. प्रथम संस्थापकाचे चरित्र, मग इमारतीच्या कोनशिलेचा समारंभ, मग हेडमास्तरांची किंवा प्रिन्सिपॉलांची नामावळी, आणि शेवटी देणगीदारांचे आभार. शाळेच्या सभागृहात ज्या क्रमाने तसबिरी टांगलेल्या असतात त्याच क्रमाने प्रकरणे येतात. तसबिरींवर नजर फिरविली म्हणजे शाळा एकेका पुरुषाने एकेका काळी चालविली असे वाटते; परंतु ज्याने तीस वर्षे शिक्षकांच्या खोलीत काढली आहेत त्याला ठाऊक असते की, शाळा चालते किंवा बिघडते ती त्या खोलीत. कोण कोणाचा तास घेतो, कोण कोणाशी बोलत नाही, परीक्षेचे पेपर कोण वेळेवर तपासून देतो आणि हेडमास्तरांनी काढलेल्या फर्मानाचा अर्थ खोलीत काय लावला जातो, या गोष्टींचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही.

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे असेच झाले आहे. १८८० च्या जानेवारीत निघालेल्या या शाळेवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. परंतु ते चिपळूणकरांच्या चरित्रातील एक प्रकरण, टिळकांच्या चरित्रातील एक, आगरकरांच्या व गोखल्यांच्या चरित्रांतील एकेक, अशा तुकड्यांनी. प्रत्येक चरित्रकाराला आपला नायक मध्यभागी ठेवावा लागतो, आणि मग बाकीची मंडळी साहजिकच त्याचे साहाय्यक किंवा त्याचे विरोधक होतात. प्रस्तुत लेखात त्या शाळेकडे कोणाचेच प्रकरण म्हणून न पाहता सहकारी शिक्षकांची एक मंडळी म्हणून पाहण्याचा विचार आहे. शिक्षकांनी शिक्षकांचीच सत्ता मानून, कोणाही एकाला धनी न करता, शाळा चालवावयाची, असा तो प्रयोग होता. तो अपूर्व रीतीने यशस्वी झाला, आणि ज्या एका प्रश्नावर तो अडला तो प्रश्न आजही शिक्षकांच्या प्रत्येक मंडळीपुढे उभा आहे, असे मला वाटते.

त्या काळच्या शाळांची घडी काय होती हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. सरकारी हायस्कुलात हेडमास्तर, त्याखाली असिस्टंट मास्तर, आणि सर्वांवर खात्याचे अधिकारी. बदली, बढती आणि शेरा या तीन दोऱ्यांनी मास्तर बांधलेला. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे त्याच खात्यातील शिक्षक. एकीकडे ‘निबंधमाला’ लिहून सुशिक्षितांना हलवून सोडणारा हा लेखक दुसरीकडे खात्याच्या हुकुमासरशी पुण्याहून रत्नागिरीस जाणारा मास्तर होता. १८७९ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. मिशनऱ्यांच्या शाळांत पगाराची ओढ कमी आणि निष्ठा अधिक असे. पण ती निष्ठा धर्मप्रसाराला वाहिलेली. तिसरा प्रकार म्हणजे एखाद्या पदवीधराने पोटासाठी काढलेली खासगी शाळा. ती त्याच्या मालकीची, आणि बाकीचे मास्तर त्याचे चाकर.

नेमक्या त्याच सुमारास डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर या दोघांच्या मनात दुसरीच कल्पना घोळत होती. सरकारी नोकरी करावयाची नाही आणि शिक्षणाला आयुष्य वाहावयाचे, असा त्यांचा निश्चय झाला होता. आगरकरांनी आईला पत्र लिहून, मुलगा मोठ्या पगाराची जागा धरील ही आशा आपण सोडावी, असे कळविले ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना परिचित आहे. ती वाचताना आपण आगरकरांच्या त्यागाकडे पाहतो. पण तो त्याग एकट्याने करावयाचा नव्हता, बरोबरीच्या माणसांसह करावयाचा होता, हे विसरतो. एकट्याने दारिद्र्य पत्करणे आणि चौघांनी मिळून एकाच मापाचे दारिद्र्य पत्करणे यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात रोज शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहावे लागते.

शाळा निघाली तेव्हा आगरकर एम.ए.च्या अभ्यासात होते. ते १८८१ मध्ये आले. आरंभी चिपळूणकर व टिळक, त्यांच्या जोडीस माधवराव नामजोशी, आणि लवकरच वामन शिवराम आपटे. येथे पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट घडली. वयाने व कीर्तीने चिपळूणकर सर्वांत मोठे. शाळेची कल्पना लोकांपुढे त्यांच्याच नावाने गेली. तथापि शाळेचे सुपरिंटेंडेंट झाले ते आपटे, म्हणजे मागाहून आलेला, बावीस वर्षांच्या आतबाहेरचा तरुण. कारण उघड होते. आपट्यांना शिस्त होती, वेळापत्रक बसविता येत होते, आणि संस्कृत शिकविण्यात त्यांचा हातखंडा होता. चिपळूणकरांची प्रतिभा लेखणीची. रोजच्या हजेरीपटाची नव्हे. ज्याचे नाव मोठे त्याच्याकडे खुर्ची, हा आपल्या समाजाचा सार्वत्रिक नियम. या मंडळींनी तो पहिल्याच वर्षी मोडला, आणि विष्णुशास्त्र्यांसारख्या मानी माणसाने त्यात मानहानी मानली नाही.

नामजोशांची गोष्ट याहून बोलकी आहे. ते पदवीधर नव्हते. विद्वत्तेच्या कसोटीवर पाहिले तर एम.ए., एल्एल.बी. झालेल्यांच्या पंक्तीत त्यांना पाट मिळावयाचा नाही. परंतु शाळेला जागा मिळविणे, छापखान्याची जुळवाजुळव करणे, संस्थानिकांच्या दरबारी जाऊन देणग्या आणणे, सरकारी अंमलदारांशी गोड बोलून काम काढून घेणे, हे सर्व त्यांनी केले. पुढे आजीव सभासदांची यादी झाली तेव्हा नामजोशी इतरांच्या बरोबरीने तीत होते. वेतन तेच, मत तेच. शाळा चालविण्यास वर्गात शिकविणाराच तेवढा लागतो असे नाही, हे या मंडळींना उमगले होते. आजच्या आपल्या शिक्षकसभांतून कारकुनाला बसावयास खुर्चीही मिळत नाही, म्हणून हे आवर्जून सांगावेसे वाटते.

कामाची वाटणी अशी स्वभावानुसार झाली. टिळक गणित व संस्कृत शिकवीत. गणिताचे उदाहरण फळ्यावर पायरीपायरीने सोडवून दाखविण्याऐवजी तोंडी सांगत जाण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. हुशार मुलांना ती फार आवडे, मंद मुलांचे काय होई ते सांगवत नाही. आगरकरांचे विषय इतिहास व तर्कशास्त्र. वासुदेवराव केळकर इंग्रजी शिकवीत. शेक्सपिअरच्या नाटकावरून त्यांनी केलेले ‘त्राटिका’ पुढे रंगभूमीवर गाजले. महादेव शिवराम गोळे शास्त्रीय विषय घेत. या माणसांपैकी कोणी कोणाचे शिष्य नव्हते. सगळे समवयस्क, सगळे बुद्धिमान, आणि सगळे हट्टी. अशांची मोट बांधली जाते कशी, हाच कौतुकाचा विषय आहे.

१८८१ च्या जानेवारीत याच मंडळींनी ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे काढली. आज आपण पत्रांचा इतिहास वेगळा आणि शाळेचा वेगळा वाचतो. त्या वेळी ती एकाच घरातील दोन चुली होत्या. सकाळी वर्ग, रात्री प्रुफे. आगरकर ‘केसरी’चे संपादक, टिळकांकडे ‘मराठा’. परंतु लेख सर्वांचे, आणि लेखांचा दोष आला तर तोही सर्वांचा. तो दोष लवकरच आला. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविरुद्ध लिहिलेल्या मजकुराबद्दल अब्रूनुकसानीचा खटला झाला, आणि १८८२ च्या जुलैमध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. (खटल्यात त्यांच्या जामिनाची व्यवस्था ज्योतिराव फुल्यांच्या खटपटीने झाली. ज्या फुल्यांवर ‘निबंधमाले’ने कोरडे ओढले होते त्यांनी हे केले, ही गोष्ट न्यू इंग्लिश स्कूलच्या गौरवलेखांत क्वचितच येते, म्हणून कंसात का होईना, नोंदवून ठेवतो.)

त्या वर्षाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. मार्चमध्ये चिपळूणकर वारले. वय अवघे एकतीस. जुलैपासून ऑक्टोबरअखेर टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात. शाळेला जेमतेम अडीच वर्षे झालेली. तिचे तीन आधारस्तंभ एकाच वर्षात निखळले, दोन काही काळापुरते आणि एक कायमचा. एका पुरुषाच्या कर्तृत्वावर उभी असलेली शाळा असती तर ती त्या वर्षी बंदच व्हावयाची. आईबापांनी मुले काढून घ्यावयास कारणही पुरेसे होते. शिक्षक तुरुंगात असलेल्या शाळेत मुलगा कोण घालील? परंतु शाळा चालू राहिली, इतकेच नव्हे तर वाढली. पहिल्या वर्षाच्या अखेरीस मुलांची संख्या ३०० च्या वर होती. १८८५ च्या सुमारास ती १,००० च्या घरात गेली. मॅट्रिकच्या परीक्षेत तिची मुले संस्कृतच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्त्या पटकावू लागली. त्याच १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणारे कमिशन आले. आपट्यांनी त्यापुढे साक्ष दिली, आणि कमिशनचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनी शाळेची तोंड भरून स्तुती केली. ती स्तुती चरित्रग्रंथांत नायकांच्या पदरी पडते. वास्तविक ती मुख्यतः आपटे, केळकर, नामजोशी आणि ज्यांची नावेही आपल्याला आठवत नाहीत अशा मास्तरांची होती. कारण रिकामे झालेले तास त्यांनी घेतले होते.

या यशानंतर मंडळींनी जे केले ते माझ्या मते शाळा काढण्याहूनही धाडसाचे होते. आपल्या मैत्रीला त्यांनी नियमांचे रूप दिले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघाले. सोसायटीचे आजीव सभासद प्रथम सात: आपटे, आगरकर, टिळक, नामजोशी, केळकर, गोळे आणि धारप. वीस वर्षे संस्थेची सेवा करावयाची. वेतन महिना ७५ रुपये. आयुष्याचा विमा ३,००० रुपयांचा. त्या काळी एम.ए. झालेल्या माणसास सरकारी खात्यात याच्या कितीतरी पट मिळण्याची आशा असे. कॉलेजचा प्रिन्सिपॉल असो की शाळेतील खालच्या वर्गाचा शिक्षक, आजीव सभासद असेल तर वेतन एकच. बाहेरच्या प्रतिष्ठित गृहस्थांचा अंतर्भाव असलेले नियामक मंडळ वर होते, पण संस्थेचा रोजचा कारभार, नेमणुका, विषयांची वाटणी, हे सर्व आजीव सभासदांच्या मंडळात मताधिक्याने ठरे. त्यात प्रिन्सिपॉलचे मत एक आणि विशीतल्या नव्या सभासदाचेही मत एकच.

या घडणीच्या मुळाशी कॅथलिक जेझुइटांचा आदर्श होता, हे टिळकांनी पुढे स्पष्टपणे सांगितले. जेझुइट पाद्र्यांच्या शाळा जगभर नावाजलेल्या. त्यांतील शिक्षक निष्कांचन आणि संघाला वाहिलेला. परंतु जेझुइटांच्या संघात एक गोष्ट आहे जी या सात जणांनी घेतली नाही, आणि ती म्हणजे आज्ञापालन. तेथे संघाचा वरिष्ठ असतो; त्याचा शब्द अखेरचा. पुण्याच्या मंडळींनी दारिद्र्याचे व्रत घेतले, सेवेचे घेतले; आज्ञाधारकतेचे घेतले नाही. त्यांच्यासारख्यांना ते घेणे शक्यही नव्हते. पण त्यामुळे असे झाले की, मतभेद होताच तो मिटविणारा कोणी उरला नाही. उरले फक्त हात वर करून मोजणे.

मतभेद व्हावयास फार दिवस लागले नाहीत. त्यांची हकिकत सामाजिक सुधारणेचा वाद म्हणून सांगितली जाते, आणि तो वाद होताच. आगरकरांची सुधारणाविषयक मते ‘केसरी’त मावेनात, १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला, आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. पुण्याच्या पालकवर्गाला त्यांचे लिहिणे झोंबे, आणि त्याचा ताप संस्थेला होई. तथापि केवळ मते भिन्न म्हणून ही मंडळी फुटली असे मानणे मला पटत नाही. मते त्यांची १८८० सालीही भिन्न होतीच. शिक्षकांच्या खोलीत ती फुटली ती अगदी खोलीतल्या प्रश्नांवर: पगार किती असावा, आणि उरलेला वेळ कोणाचा?

पगाराचा प्रश्न १८८७ च्या आरंभी निघाला. संसार वाढले होते, मुलेबाळे झाली होती. ७५ रुपयांत भागेना. वेतनात थोडी वाढ व्हावी असे आगरकरांचे व इतर काहींचे म्हणणे. टिळकांचा त्यास ठाम विरोध. त्यांचे म्हणणे असे की, संस्था आपण त्यागाच्या पायावर उभारली. पाया एकदा खणू लागलो की भिंत कोठे थांबेल ते सांगता येत नाही. आगरकरांच्या बाजूचे म्हणणे असे की, त्याग म्हणजे उपासमार नव्हे. भुकेल्या माणसाकडून संस्थेला काय मिळणार? आगरकरांना दम्याने पोखरले होते, आणि घरी कधीच सुबत्ता नव्हती; टिळकांची घरची स्थिती त्यामानाने बरी होती. तत्त्वाच्या वादात दोघांची बाजू सारखीच भक्कम दिसते. पण सारखा पगार हा सारखा त्याग नसतो, ही गोष्ट त्या मंडळात किती मोकळेपणाने बोलली गेली असेल, याची मला शंका आहे. बरोबरीच्या माणसांना एकमेकांची गरज बोलून दाखविणे फार कठीण जाते. वरिष्ठाकडे अर्ज करता येतो, मित्राकडे नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. वेतन अपुरे म्हणून काही सभासद पुस्तके लिहीत, काही वर्तमानपत्रे चालवीत. आपट्यांची संस्कृतची पुस्तके आणि १८९० मध्ये निघालेला त्यांचा मोठा संस्कृत–इंग्रजी कोश, गोखल्यांचे अंकगणित, ही याच काळातील. टिळक म्हणत की, आजीव सभासदाचा सगळा वेळ संस्थेचा. त्यातून तो बाहेर कमाई करू लागला तर तो संस्थेचा वेळ विकतो. प्रतिपक्ष म्हणे की, आठवड्याचे तास नेमके घेतल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा. आणि तुमचे वर्तमानपत्र ते काय? टिळकांचे उत्तर असे की, वर्तमानपत्र मूळच्या संकल्पातच होते. हा तंटा वाचताना हसू येते आणि वाईटही वाटते, कारण तो आजही जसाच्या तसा चालू आहे. शिकवण्या घ्याव्या की नाही, गाईडे लिहावी की नाही, सभेच्या वेळी घरी कामे कोणास असतात आणि कोणास नसतात, हे प्रश्न मी स्वतः किती बैठकांत ऐकले आहेत याची गणती नाही. फरक एवढाच की, आमच्या बैठकीत या प्रश्नांवरून कोणी राजीनामा देत नाही.

या वातावरणात गोपाळराव गोखले आले. १८८५ मध्ये ते शाळेत शिक्षक झाले, आणि पुढच्या वर्षी, वयाच्या विसाव्या वर्षी, आजीव सभासद. जो विषय पडेल तो तयारी करून शिकविणारा असा त्यांचा लौकिक झाला: इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र. मंडळात तरुण रक्त आले म्हणजे जुन्या तंट्याला नवा पेटता कोलीत मिळतो. गोखले आगरकरांच्या बाजूचे आणि न्यायमूर्ती रानड्यांचे शिष्य. १८९० मध्ये त्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले. टिळकांनी आक्षेप घेतला: रोजचे इतके तास बाहेरच्या सभेला देणारा माणूस संस्थेचा सेवक कसा? चिटणीस कोणी टिळकांच्या मताचा झाला असता तर त्यांनी हरकत घेतली असती काय, असा प्रश्न त्यांच्या विरोधकांनी मनातल्या मनात विचारला असणारच. माझे मत असे की, घेतली असती. टिळक तत्त्वाच्या बाबतीत आपल्या माणसालाही सवलत देणारे नव्हते. पण खरी अडचण तीच होती. एका सहकाऱ्याच्या कर्तव्याचे मोजमाप दुसऱ्या सहकाऱ्याने घेऊ लागणे, हे मोजमाप कितीही न्याय्य असले तरी, बरोबरीच्या मंडळीत सहन होत नाही. वरिष्ठाने घेतले तर ती शिस्त. मित्राने घेतले तर ते दोषारोपण.

१८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला, आणि त्यासोबत एक दीर्घ निवेदन लिहिले. तो कागद कोणाही शिक्षकाने वाचावा असा आहे. त्यात कोठेही आक्रस्ताळेपणा नाही; दहा वर्षांचा हिशेब मांडावा तशी एकेक बाब क्रमाने मांडलेली आहे. आपल्या आयुष्याचे ध्येयच आपण सोडून जात आहो, ही व्यथा मात्र त्या हिशेबातून जागोजाग डोकावते. त्यांच्या मागून पुढे जे वैर वाढले, ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांनी एकमेकांवर जी आग पाखडली, तिचे वर्णन येथे नको. १८९५ च्या जूनमध्ये आगरकर वारले तेव्हा त्यांचा मृत्युलेख ‘केसरी’त टिळकांनीच लिहिला.

टिळक गेले, आणि संस्था बुडाली नाही. १८८२ ची परीक्षा तिने पुन्हा एकदा दिली. १८९१ मध्ये गणिताची रिकामी जागा धोंडो केशव कर्वे यांनी घेतली. गोखले त्यांचे एल्फिन्स्टन कॉलेजातील सहाध्यायी, त्यांनीच त्यांना बोलावून आणले. आपटे १८९२ मध्ये वारले, त्यांच्या जागी आगरकर प्रिन्सिपॉल झाले. तेही तीन वर्षांत गेले, त्यांच्या जागी गोळे आले. दहाबारा वर्षांत चिपळूणकर, टिळक, आपटे, आगरकर गमावूनही जी संस्था चालते ती कोणा एकाची नव्हतीच, याला आणखी पुरावा कशास हवा?

आणि ज्या प्रश्नावर फूट पडली होती तो प्रश्न मंडळींनी आता नियमाने न सोडविता वागणुकीने सोडविला. १८९३ च्या मार्चमध्ये कर्व्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला. पुण्यात काहूर माजले; परंतु त्यांची जागा गेली नाही. पुढे त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि कॉलेजच्या सुट्ट्यांत वर्गणीसाठी गावोगाव हिंडले. सभासद मंडळाने त्यांच्या उरलेल्या वेळाचा हिशेब मागितला नाही. १८९७ मध्ये गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले, ते फर्ग्युसनचे प्राध्यापक असतानाच. १९०२ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सव्विसाव्या वर्षी प्रिन्सिपॉल झाले. या रघुनाथरावांना लहानपणी कर्व्यांनी आपल्या घरी ठेवून घेऊन शिकविले होते. आणि १९१४ पर्यंत कर्वे त्यांच्याच हाताखाली गणित शिकवीत राहिले. यात कोणास काही विलक्षण वाटले नाही. आपटे सुपरिंटेंडेंट झाले त्या पहिल्या वर्षाची रीत अजून जिवंत होती.

आजीव सभासदांची ही कल्पना पुढे महाराष्ट्रभर पसरली. शिक्षण प्रसारक मंडळीने ती घेतली, भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेतही आजीव सेवक झाले. अनुदानाने पगार सरकारातून येऊ लागल्यावर समान वेतन आणि समान त्याग यांचा आधार निघून गेला. आता शिक्षकाची नेमणूक, वेतनश्रेणी आणि बढती ही सारी नियमांच्या पुस्तकात असतात. त्यात शिक्षकाचे कल्याणच झाले आहे. ७५ रुपयांत संसार चालविण्याच्या काळाबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र शिक्षकांच्या सभेत आज जे विषय येतात त्यांवर निर्णय घेण्याचा अधिकार बहुधा त्या सभेला नसतो. त्या सात जणांना तो होता, आणि म्हणूनच त्यांना इतके भांडावे लागले. ज्याच्या हाती काहीच नाही त्या मंडळात एकी राखणे सोपे असते.

गोखल्यांनी हा सगळा अनुभव जवळून पाहिला होता. किंबहुना त्याच्या भडक्याला निमित्त तेच झाले होते. १९०२ मध्ये ते सोसायटीतून निवृत्त झाले, आणि १९०५ च्या जूनमध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला. या समाजात येणाऱ्याने घ्यावयाच्या सात शपथा आहेत. त्यांपैकी एक अशी की, समाज जे वेतन देईल त्यात आपण व आपले कुटुंब समाधान मानू, आणि आपल्या शक्तीचा कोणताही भाग अधिक पैसा मिळविण्याकडे लावणार नाही. दुसरी एक अशी की, कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही. पहिली शपथ म्हणजे १८९० मध्ये टिळक जे मागत होते नेमके तेच. गोखल्यांनी ते आपल्या हाताने लिहिले. दुसरीच्या मागे कोणती वर्षे उभी आहेत हे सांगावयास नको. आणि घटनेत त्यांनी आणखी एक कलम घातले जे १८८४ साली कोणाला सुचले नसते, किंवा सुचले तरी कोणी मानले नसते: समाजाला एक प्रथम सभासद असेल, त्याचा अधिकार तहहयात राहील, आणि इतरांनी त्याच्या सांगण्याप्रमाणे चालावे. तो प्रथम सभासद म्हणजे गोखले स्वतः.